न संपणारें पडसें



पडशाला आजार म्हणून कोणी मोजीत नाहीं. औषध घेतलें तर तें सात दिवसांत बरें होतें आणि न घेतलें तर एका आठवड्यांत, ही थट्टा आपण सर्वांनीं ऐकलेली आहे. ज्याचें नाक वाहतें आहे त्याची कींव करीत बसण्यापेक्षां त्याला आल्याचा काढा देऊन कामाला लावण्याकडे घरच्या माणसांचा कल असतो. आणि साध्या पडशाच्या बाबतींत तें योग्यहि आहे. परंतु आज मला ज्या आजाराविषयीं बोलावयाचें आहे तो या पडशाचेंच सोंग घेऊन येतो. तो आठवड्यानें जात नाहीं, महिन्यानें जात नाहीं, आणि पुष्कळांच्या बाबतींत वर्षानुवर्षें पाठ सोडीत नाहीं. नाकाभोंवतालच्या हाडांत ज्या पोकळ्या असतात त्यांत बुरशीच्या निमित्तानें येणारी जुनाट सूज, हें त्याचें स्वरूप होय. या आजाराच्या नेहमीं आढळणाऱ्या प्रकारांनीं माणूस सहसा दगावत नाहीं. म्हणून तो जगतो कसा, हें त्याला कोणी फारसें विचारीत नाहीं. आज त्याच प्रश्नाचा विचार करावा असें मीं योजिलें आहे.

प्रथम ज्या जागीं हा आजार होतो ती जागा पाहूं. आपल्या चेहऱ्याचीं हाडें सगळीं भरींव नसतात. दोन्ही गालांत, कपाळांत, दोन डोळ्यांच्या मध्यें, आणि त्यांच्याहि मागें कवटीच्या तळाशीं, अशा पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. लिओनार्दो द व्हिंचीनें पंधराव्या शतकाच्या अखेरीस गालांतील पोकळीचीं चित्रें काढून ठेविलीं होतीं. पुढें १६५१ मध्यें नॅथॅनिएल हायमोर या इंग्रज वैद्यानें तिचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. या पोकळ्यांना आंतून ओलसर अस्तर असतें आणि त्या अस्तरावर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. वाऱ्यानें शेतांतील पीक एका दिशेला लवावें तसे हे केस सेकंदाला दहा-पंधरा वेळां लवतात आणि श्लेष्म्याचा, म्हणजे ज्याला आपण शेंबूड म्हणतों त्याचा, पातळ थर पोकळीच्या मुखाकडे लोटीत नेतात. श्वासाबरोबर आलेली धूळ, जंतु आणि बुरशीचे कण या थराला चिकटून घशाकडे व तेथून पोटांत जातात. हें काम रात्रंदिवस चालतें. आणि तें सुरळीत चाललें आहे तोंपर्यंत आपल्याला सायनस आहेत याची आठवणहि होत नाहीं.

आतां बुरशीकडे वळूं. पावसाळ्यांत कपाटांतल्या चामडी जोड्यांवर, पुस्तकांच्या पुठ्ठ्यांवर, दोन दिवस विसरून राहिलेल्या भाकरीवर जी बुरशी चढते तिचे बीजकण बारा महिने हवेंत तरंगत असतात. आपण सर्वच ते श्वासाबरोबर आंत घेतों. अमेरिकेंतील मेयो क्लिनिक या संस्थेच्या संशोधकांनीं १९९९ मध्यें जुनाट सायनसच्या २१० रोग्यांचा श्लेष्मा तपासला, तेव्हां २०२ जणांच्या नाकांत बुरशी सांपडली. एवढेंच ऐकलें तर बुरशी हेंच सर्व दुखण्याचें मूळ असें कोणालाहि वाटेल. परंतु तुलनेसाठीं त्यांनीं १४ निरोगी माणसांचीं नाकेंहि तपासलीं होतीं. तों त्या चौदाहि जणांत बुरशी निघाली! तेव्हां नाकांत बुरशी असणें हा कांहीं रोग नव्हे. तिच्याशीं एखाद्याचें शरीर कसें वागतें, यावर रोग होणें न होणें अवलंबून असतें.

हें वागणें तीन-चार प्रकारचें असतें. कांहीं माणसांत एकाच पोकळींत बुरशीचा गोळा बसतो. तो काढून टाकला म्हणजे बहुधा माणूस मोकळा होतो. दुसऱ्या प्रकारांत बुरशी हाडामांसांत शिरते. २०२१ मध्यें करोनाच्या दुसऱ्या लाटेच्या वेळीं महाराष्ट्रानें आणि सर्व देशानें जिचा धसका घेतला ती ‘काळी बुरशी’ या जातीची, आणि फार वेगानें पसरणारी होती. मधुमेह आणि स्टेरॉइडचीं औषधें यांनीं ज्यांची प्रतिकारशक्ति उणावली होती अशांना तिनें विशेष गांठलें. त्यांतून जे वांचले त्यांपैकीं पुष्कळांचा वरचा जबडा किंवा डोळा काढावा लागला, आणि टाळूच्या जागीं कृत्रिम पट्टी बसवून घांस गिळणारीं माणसें आजहि आपल्यांत आहेत. तिसरा प्रकार हीच घुसखोरी महिनोन्महिने सावकाश करणारा आहे. तो भारत, पाकिस्तान, सूदान या देशांत विशेष आढळतो. चौथा प्रकार मात्र अगदीं निराळा, आणि माझें आजचें बोलणें मुख्यतः त्यालाच धरून आहे.

हा चौथा प्रकार वावड्याचा. ज्याला हल्लीं ॲलर्जी म्हणतात त्याला वावडें हा आपला जुना आणि चांगला शब्द आहे. कोणाला वांगें चालत नाहीं, कोणाला शेंगदाणा. तसेंच या माणसांच्या शरीराला बुरशी चालत नाहीं. दुसऱ्याचें नाक जो कण मुकाट्यानें लोटून देतें त्याच कणाशीं यांचें शरीर युद्ध मांडतें. अस्तर सुजतें, द्राक्षांच्या घडासारखे मऊ मांसल कोंब नाकांत लोंबूं लागतात, पोकळ्यांचीं मुखें बंद होतात, आणि आंत बैलगाडीच्या आंसाला लावतात त्या वंगणासारखा चिकट काळपट लगदा सांठत जातो. तो हळूहळू भोंवतालच्या हाडालाहि रेटतो. कित्येकदां डोळा पुढें आलेला दिसतो तेव्हांच घरच्यांचें लक्ष जातें. बेंट आणि कून या दोघां अमेरिकन डॉक्टरांनीं १९९४ मध्यें या प्रकाराच्या पांच खुणा सांगितल्या. निदान करतांना आजहि त्यांचा आधार घेतला जातो. हा आजार बहुधा तरुणांना, आणि एरवीं धडधाकट असणाऱ्यांना होतो. आपल्या देशांत, विशेषतः उत्तर भारतांत, तो पुष्कळ दिसतो.

अशा एखाद्या तरुणाचा दिवस कसा जातो, याची कल्पना करा. रात्रीं नाक बंद असल्यामुळें तो तोंडानें श्वास घेतो. घसा कोरडा पडून दोनदां-तीनदां जाग येते. सकाळीं उठतो तो थकूनच. डोकें जड, डोळ्यांमागें दडपण. वर्गांत किंवा कचेरींत समोरचें पान दोनदां वाचावें तेव्हां डोक्यांत शिरतें. दर दहा मिनिटांनीं रुमाल काढावा लागतो, म्हणून तो मागच्या बाकावर बसतो, पुढें पुढें चारचौघांत जाणेंच टाळतो. जेवतांना पानांत काय वाढलें आहे तें त्याला डोळ्यांनीं कळतें, नाकानें नाहीं. आणि घरीं आल्यावर त्याला ऐकावें काय लागतें? “अजून तुझें पडसें गेलें नाहीं?” “तूं पंख्याखालीं झोंपतोस म्हणून.” “थोडा व्यायाम कर.” बोलणाऱ्यांच्या मनांत वाईट कांहीं नसतें, परंतु वर्षभर रोज हें ऐकणाऱ्याला आपणच कोठें तरी आळशी किंवा दुबळे आहों असें वाटूं लागतें. ताप नाहीं, जखम नाहीं, प्लास्टर नाहीं. मग आपण आजारी आहों हें त्यानें सिद्ध तरी कसें करावें?

येथें कोणी विचारील कीं, असलें दुःख मोजतां येतें काय? तें मोजतां येतें. ताप मोजण्यास जसें थर्मामीटर, तसें या कामासाठीं डॉक्टर लोक २२ प्रश्नांची एक प्रश्नावली वापरतात. प्रत्येक प्रश्नाला त्रासाच्या मानानें ० पासून ५ पर्यंत गुण द्यावयाचे. म्हणजे अधिकांत अधिक बेरीज ११०. परीक्षेच्या उलट, येथें गुण जितके जास्त तितकी स्थिति वाईट. ब्रिटनमधील संशोधकांनीं ही प्रश्नावली पारखून २००९ मध्यें त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला, आणि ती आज जगभर वापरली जाते. तिच्यांतील बारा प्रश्न आपण अपेक्षा करूं तसेच आहेत: नाक चोंदणें, शिंका, खोकला, कानांत दडे बसणें, चक्कर, चेहरा दुखणें, वास न येणें वगैरे. उरलेल्या दहा प्रश्नांत मात्र नाकाचा उल्लेखहि नाहीं. झोंप लागण्यास वेळ लागतो काय, रात्रीं जाग येते काय, झोंप पुरी होते काय, उठल्यावर थकवा असतो काय, दिवसा गळून गेल्यासारखें वाटतें काय, काम कमी होतें काय, लक्ष लागतें काय, चिडचीड होते काय, मन उदास असतें काय, चारचौघांत ओशाळल्यासारखें होतें काय, असे ते दहा प्रश्न आहेत. नाकाच्या दुखण्याची प्रश्नावली जवळजवळ निम्मी झोंप, काम आणि मन यांविषयीं असावी, यांत फार मोठा अर्थ आहे.

याहि आधीं, १९९५ मध्यें, बोस्टन येथील ग्लिक्लिक आणि मेट्सन या डॉक्टरांनीं सायनसच्या उपचारासाठीं तज्ज्ञांकडे आलेल्या रोग्यांची तुलना इतर जुनाट आजारांच्या रोग्यांशीं केली. शरीराच्या वेदना आणि लोकांत मिसळण्याची क्षमता, या दोन बाबींत सायनसच्या रोग्यांची स्थिति दुबळ्या हृदयाच्या आणि फुप्फुसांच्या जुनाट विकाराच्या रोग्यांहूनहि वाईट आढळली. ज्या आजाराला आपण पडसें म्हणून हसतों त्याची ही कथा आहे! आणखी एक गोष्ट अशी कीं, स्कॅनच्या चित्रांत दिसणारा आजार आणि रोग्याला होणारा त्रास यांचें प्रमाण पुष्कळदां जुळत नाहीं. चित्र भयंकर आणि माणूस फिरता, किंवा चित्र साधें आणि माणूस हैराण, असें दोन्ही आढळतें. तेव्हां त्रास किती आहे हें ज्याचें त्यालाच विचारलें पाहिजे. त्याला दुसरा उपाय नाहीं.

वास न येणें ही या त्रासांतील सर्वांत मुकी गोष्ट आहे. आंधळ्याला आपण हात देतों, बहिऱ्याशीं मोठ्यानें बोलतों. ज्याला वास येत नाहीं त्याच्याकडे पाहून कांहींच कळत नाहीं. आपण ज्याला चव म्हणतों तिचा मोठा भाग खरोखर वासाचा असतो. जिभेला केवळ गोड, आंबट, खारट, कडू असे मोजकेच भेद कळतात. म्हणून या माणसाला फोडणीची आमटी आणि मिठाचें गरम पाणी यांत फारसें अंतर वाटत नाहीं. शिवाय यांत धोकाहि आहे. स्वयंपाकाच्या गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यांत एथिल मर्कॅप्टन नांवाचा उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो. ही योजना नाक शाबूत असणारासाठीं आहे. ज्याला वास येत नाहीं त्याला गॅसची गळती कळत नाहीं, करपलेलें दूध कळत नाहीं, नासलेली भाजी कळत नाहीं. अशा माणसाच्या स्वयंपाकघरांत गळती होतांच वाजणारें यंत्र बसविणें, आणि उरलेलें अन्न दुसऱ्यानें हुंगून पाहणें, एवढें तरी घरानें केलेंच पाहिजे.

उपचारांविषयीं थोडें सांगतों. ऑस्ट्रियांतील ग्राट्झ येथें डॉ. वॉल्टर मेसरक्लिंगर यांनीं दुर्बिणीनें नाकाचा अभ्यास केला आणि असें दाखविलें कीं, पोकळींतील श्लेष्मा नेहमीं आपल्या नैसर्गिक मुखाकडेच जातो. दुसरीकडे नवें भोंक पाडलें तरी तो तिकडे वळत नाहीं. त्यांचा ग्रंथ १९७८ मध्यें निघाला. तेव्हांपासून नैसर्गिक वाट मोकळी करणारी दुर्बिणीची शस्त्रक्रिया रूढ होत गेली. वावड्याच्या प्रकारांत या शस्त्रक्रियेनें कोंब आणि लगदा काढतात. त्यानंतर नाकांत स्टेरॉइडचा फवारा आणि मिठाच्या पाण्यानें नाक धुणें, हें दीर्घकाळ चालवावें लागतें. बुरशी मारणाऱ्या औषधानें नाक धुवून पाहण्याचे प्रयोगहि झाले. परंतु २००६ मध्यें युरोपांत झालेल्या मोठ्या चांचणींत जुनाट सायनसवर अशा धुण्याचा साध्या द्रावणाहून अधिक उपयोग दिसला नाहीं. हाडामांसांत शिरणाऱ्या प्रकारांत मात्र तीं औषधें अत्यावश्यक असतात. म्हणून आपला प्रकार कोणता, हें तज्ज्ञांकडून नीट समजून घ्यावें. २०१९ पासून नाकांतील कोंबांच्या हट्टी आजारावर वावड्याची साखळी मध्येंच तोडणारीं इंजेक्शनेंहि कांहीं देशांत मान्य झालीं आहेत. पण तीं महाग आहेत.

इतकें करूनहि हा आजार पुष्कळदां परत येतो. ही गोष्ट रोग्याला आणि घराला पहिल्याच दिवशीं सांगितली गेली पाहिजे. कारण ती ठाऊक नसली कीं, दोन वर्षांनीं पुन्हां नाक चोंदलें म्हणजे “ऑपरेशन फुकट गेलें” किंवा “तूंच पथ्य पाळलें नाहींस” असे बोल सुरू होतात. कौलारू घरांत राहणारे लोक दरवर्षीं मृगापूर्वीं कौलें चाळून घेतात. म्हणून घर बांधणारा गवंडी वाईट होता असें कोणी म्हणत नाहीं. पाऊस आहे तेथें कौलें चाळावयाचींच, हें ते जाणतात. या आजाराचेंहि तसेंच आहे. रोजचें नाक धुणें, फवारा, आणि ठराविक मुदतीनें दुर्बिणीची तपासणी ही या घराची डागडुजी होय.

नाक धुण्याची रीत आपल्याकडे जलनेति या नांवानें फार पूर्वींपासून ठाऊक आहे. मात्र पाणी उकळून थंड केलेलेंच असावें, आणि एक लिटर पाण्याला सुमारें ९ ग्रॅम मीठ असावें. २०११ मध्यें अमेरिकेंतील लुइझियाना संस्थानांत नळाच्या पाण्यानें नाक धुणारीं दोन माणसें त्या पाण्यांतील अमीबाचा मेंदूला संसर्ग होऊन दगावलीं. पिण्याला चालणारें पाणी नाकाला चालतेंच असें नाहीं. नाक मोकळें करणारे दुकानांतले थेंब थोड्या दिवसांपलीकडे वापरूं नयेत; त्यांनीं नाक उलट अधिक चोंदूं लागतें. स्टेरॉइडच्या गोळ्यांनीं दोन दिवसांत स्वर्ग दिसतो, म्हणून त्या स्वतःच्या मनानें घेण्याचा मोह होतो. पण हाडें, साखर आणि डोळे यांवर त्यांचे दुष्परिणाम होतात, म्हणून डॉक्टरांच्या सांगण्यावांचून त्यांना हात लावूं नये. डोळ्याभोंवतीं सूज येणें, एकाचे दोन दिसणें, डोळा पुढें येणें, दृष्टि मंदावणें किंवा असह्य डोकें दुखणें, यांपैकीं कांहींहि झालें तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें.

नाकाची वाट मोकळी झाल्यावरहि ज्यांना वास येत नाहीं त्यांच्यासाठीं एक सोपा अभ्यास आहे. जर्मनींतील ड्रेस्डेन येथील डॉ. थॉमस हुमेल यांनीं २००९ मध्यें तो मांडला. गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग, हे चार वास सकाळ-संध्याकाळ लक्षपूर्वक हुंगावयाचे. असें बारा आठवडे. इतर कारणांनीं, विशेषतः ज्वरानंतर, वास गेलेल्या कित्येकांना याचा उपयोग झाला आहे. सर्वांना होईल असें नाहीं. पण खर्च कांहीं नाहीं, आणि चारहि वस्तु आपल्या घरांत सहज मिळणाऱ्या आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८ मध्यें अमलांत आली. तिनें आरोग्याची व्याख्या करतांना नुसता रोगाचा अभाव पुरेसा मानला नाहीं. शरीर, मन आणि सामाजिक जीवन या तिहींचें स्वास्थ्य तिनें त्यांत घातलें. या तिहींपैकीं शरीराचा भाग डॉक्टर पाहतील. झोंप मोडल्यामुळें आलेली चिडचीड समजून घेणें, सकाळीं पाणी उकळून ठेवणें, परीक्षेच्या किंवा कामाच्या दिवसांत थोडी सवलत देणें, रुमालाची लाज वाटूं न देणें, हीं कामें घराचीं आहेत आणि तीं दुसरा कोणी करूं शकत नाहीं. आपल्या घरांत, शेजारीं किंवा कचेरींत ज्याचें पडसें कधींच संपत नाहीं असा कोणी असेल, तर त्याला पंख्याविषयीं उपदेश करण्यापूर्वीं त्या दहा प्रश्नांतला निदान पहिला प्रश्न विचारून पाहा: “रात्रीं झोंप लागते ना?” आणि तो उत्तर देईल तें खरें माना.